लोटननानांची सुरगाठ

लोटननानांशी माझी ओळख अडतीस वर्षांची. त्यातलं पहिलं दीड वर्ष सोडलं तर उरलेला सगळा काळ ते समोर आले की मी चष्मा काढून पुसायला लागायचो. चष्मा तेवढा कायम स्वच्छ राहिला. नाना आमच्या जळगावच्या शाळेत शिपाई होते आणि मी मराठीचा शिक्षक. पुढे मी मुख्याध्यापक झालो, पण त्यात माझं कर्तृत्व एवढंच की माझ्या वरचे लोक वेळच्या वेळी निवृत्त होत गेले.

नाना मूळचे शिंदखेड्याकडचे, धुळे जिल्ह्यातले. राहायला नशिराबादला. तिथून रोज सायकलने यायचे, डोक्यावर पांढरी टोपी, आणि टोपीला अशी कडक इस्त्री की आमच्या मास्तर लोकांच्या शर्टांनी लाजावं. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून जन्मल्याबरोबर आईने त्यांना अंगणात लोटून दिलं आणि शेजारणीने उचलून परत तिच्या ओटीत घातलं. तेव्हापासून नाव लोटन. त्यांना हे सांगायला फार आवडायचं. "माले पहिलेच लोटी देयेल शे, सर," म्हणायचे, "आते कोन काय लोटी?"

पण लोटलं जायचं ते जायचंच. नशिराबादकर त्यांना 'धुयावाला', म्हणजे धुळेवाला, म्हणायचे, कारण नाना बोलायचे ती अहिराणी निराळी आणि तिथली बोली निराळी. आणि सुट्टीत गावाकडे गेले की तिथली मंडळी 'जळगाववाला उना', म्हणजे आला, म्हणून बसायला खुर्ची द्यायची. आपल्याच गावात खुर्ची मिळणं म्हणजे काय, ते गाव सोडलेल्या माणसाला विचारा. एकदा मी त्यांना म्हटलं, नाना, तुम्ही नक्की कुठले? तर म्हणाले, "दोन्हीकडे पाव्हनाच मी. झेंडाजवय मात्र माले कोनी पाव्हना म्हनत नही."

हे खरं होतं. शाळेचा झेंडा नाना बांधायचे. झेंडावंदनाला पाहुणे येतात, दोरी ओढतात, झेंडा उलगडतो, पाकळ्या पडतात, टाळ्या होतात. आपल्याला वाटतं, पाहुण्यांनी झेंडा फडकवला. फडकवतो बांधणारा. घडी अशी घालायची की केशरी बरोबर वर यावा, पोटात पाकळ्या ठेवायच्या, आणि वरून सुरगाठ मारायची. ती वाऱ्याने सुटता कामा नये, आणि पाहुण्याने, मग तो कसाही असो, एकदा ओढली की सुटलीच पाहिजे. नाना पाकळ्या गुलाबाच्याच घेत, त्याही सुकवून. ओला झेंडू पांढऱ्या पट्ट्यावर पिवळा डाग पाडतो म्हणून झेंडूला बंदी. गाठ बांधल्यापासून ती सुटेपर्यंत ते कोणाशी बोलत नसत आणि चहा घेत नसत. सगळी शाळा पाहुण्यांकडे बघत असे, नाना गाठीकडे. झेंडा उलगडला की एवढा मोठा श्वास सोडत आणि म्हणत, "हं. निंघना." मग बशीतून दोन कप चहा.

"सर, घट्ट बांधनं कोनलेबी येस," ते म्हणायचे. "उघडनारी गाठ बांधनं अवघड शे."

आता माझा पराक्रम सांगतो. लांबवून उपयोग नाही.

नोकरीला लागून मला दुसरं वर्ष चालू होतं. प्रोबेशन. अंगात नवा सफारी आणि डोक्यात हवा. पंधरा ऑगस्टला मला ध्वजस्तंभाची देखरेख दिली होती. देखरेख म्हणजे काय करायचं हे कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे मी खांबाभोवती हात मागे बांधून फिरत होतो. नानांनी झेंडा बांधून ठेवला आणि ते हात धुवायला गेले. मी वाकून पाहिलं. गाठ मला सैल वाटली. अहो, मराठीत एम.ए. झालेल्या माणसाला गाठीतलं काय कळतं? पण मला वाटलं, राष्ट्रध्वजाचा प्रश्न आहे, हलगर्जीपणा नको. मी आणखी एक वेढा दिला आणि वर एक चांगला हिसका मारला. सुरगाठीची निरगाठ झाली. मी समाधानाने मिशीवरून हात फिरवला. मिशीही नवीन होती.

नाना आले, त्यांनी पुडकं तसंच वर चढवलं. इतक्या वर्षांची त्यांची गाठ, ती परत कशाला तपासतील? संस्थेचे चेअरमन आले. त्यांनी दोरी ओढली. काही नाही. परत ओढली. मग गडी पेटला आणि विहिरीतून बादली शेंदावी तशी ओढायला लागला. वर पुडकं नुसतं मान डोलावत होतं. तेवढ्यात आमच्या क्रीडाशिक्षकांनी सवयीने आरोळी ठोकली, "राष्ट्रगीत, शुरू कर!" आणि सगळ्या शाळेने एका गाठोड्याला सलामी देत राष्ट्रगीत म्हटलं, अगदी सुरात. मीही म्हटलं. माझा आवाज जरा बारीक लागला होता.

पुडकं खाली उतरवलं. नानांनी गाठीकडे पाहिलं. फक्त पाहिलं. मग नखांनी ती सोडवली, झेंडा चढवला, तो फडकला. मुख्याध्यापक कडाडले, "लोटन, कोणी बांधला हा?"

नाना म्हणाले, "मी."

आणि मी? मी चष्मा काढून पुसला. ती पहिली वेळ.

इथेच थांबलं असतं तरी बरं होतं. दुपारी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. लोटनला मेमो द्यायचाय, तुमची भाषा चांगली आहे, तुम्ही लिहा. मी लिहिला! 'आपण बांधलेल्या सदोष गाठीमुळे राष्ट्रध्वजाच्या सन्मानास बाधा पोहोचली असून हा हलगर्जीपणा अक्षम्य आहे.' लाज वाटते सांगायला, पण 'अक्षम्य' हा शब्द सुचला तेव्हा मला बरं वाटलं होतं. तो कागद घेऊन नाना माझ्याकडेच आले. "वाची दखाडा, सर." मी वाचून दाखवला. त्याला उत्तर द्यायचं होतं, आणि नानांचं लिहिणं सहीपुरतं. "लिखा सर," ते म्हणाले, "चूक मनी शे."

"एवढंच?"

"आखो काय लिखनं?"

मी त्याचं शुद्ध मराठी केलं. 'सदर चूक अनवधानाने माझ्याकडून झाली.' खाली नानांनी वाकडीतिकडी सही केली. म्हणजे गुन्हा माझा, मेमो माझा आणि खुलासाही माझाच, सगळं एकाच अक्षरात. मुख्याध्यापकांच्या ते लक्षातही आलं नाही. शिक्षा ठरली ती अशी की झेंडा यापुढे क्रीडाशिक्षक बांधतील, आणि लोटनने गेटवर पाहुण्यांच्या गाड्या लावायच्या.

मेमोने नाना हलले नाहीत, पण या शिक्षेने हलले. पुढच्या सव्वीस जानेवारीला ते इस्त्रीची टोपी घालून गेटवर उभे होते आणि मान उंच करून तिथून गाठ दिसते का ते बघत होते. गाठ दिसत नव्हती, मध्ये कडुनिंब येत होता. झेंडा फडकला. नानांनी त्या दिवशी चहा घेतला नाही. ज्या एका जागी त्यांना कोणी पाहुणा म्हणत नव्हतं, तिथूनही मी त्यांना उठवलं होतं. मी तेव्हाच मुख्याध्यापकांकडे जायला हवं होतं. त्यांच्या दारापर्यंत तीनदा गेलो, तिन्ही वेळा हजेरीपुस्तकावर सही करून परत आलो.

चार झेंडावंदनं अशी गेली. शेवटी क्रीडाशिक्षकच कंटाळले. गाठ उघडेल का नाही या भीतीने त्यांना आदल्या दिवशी जेवण जात नसे. त्यांनी हात जोडले आणि काम नानांकडे परत आलं. माझ्यामुळे नाही, हे लक्षात घ्या.

निवृत्तीनंतर माणसाला दोन गोष्टी होतात, गुडघेदुखी आणि अस्मिता. मला दोन्ही एकाच हिवाळ्यात झाल्या. तीस वर्षं मी वर्गात अहिराणी बोलणाऱ्या पोरांना 'शुद्ध बोल' म्हणून उभं केलं होतं, आणि आता मला अचानक खान्देशचा अभिमान सुटला. आम्ही चार निवृत्त लोकांनी ठरवलं, खान्देशला स्वतःचा झेंडा पाहिजे. मी, वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले भोळेसाहेब, पाचोऱ्याचे एक कापूसवाले शेठ आणि धुळ्याचे एक प्राध्यापक. भोळेसाहेब म्हणाले, केळीचा हिरवा वर पाहिजे. प्राध्यापक म्हणाले, आमच्याकडे कुठे केळी? मिरचीचा लाल वर घ्या. शेठ म्हणाले, कापसाचा पांढरा. पांढरा वर घेतला तर पुन्हा हिरवा की लाल कोण खाली, यावर दोन बैठका आणि तीन वेळचं भरीत-पुरी झालं. मग आडवे पट्टे नकोत, उभे घ्या असं ठरलं. तर काठीच्या जवळ कोण, यावर प्राध्यापक उठून धुळ्याला निघून गेले. शेवटी त्यांची समजूत घालून परत आणलं आणि सगळ्यांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, ऊन. पिवळ्या कापडावर मधोमध गोल केशरी सूर्य. कोणी वर नाही, कोणी खाली नाही. आम्ही एकमेकांना पेढे भरवले.

एका मंगल कार्यालयात त्याचं अनावरण ठेवलं आणि बांधायला अर्थात नानांना बोलावलं. नानांनी कापड हातात घेतलं, एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं, चारी बाजूंनी फिरवलं.

"सर, वर कोनतं?"

"कोणतंही चालेल, नाना. तीच तर गंमत आहे."

"कोनतंबी कसं?" नानांना खरंच समजेना. "ज्याले वर-खाले नही, त्याले झेंडा कसं म्हनानं? हाऊ तं रूमाल शे." आणि लगेच, "आन् सातपुड्यामाधला पाड्यावरला लोकेस्ले इचारं का तुम्ही?"

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. विचारणं सोडाच, पाड्यावरच्या एकाही माणसाचं नाव आमच्यातल्या कोणाला ठाऊक नव्हतं.

"खान्देशना शे हे दखाडाले कपडा कशाले पाहिजे?" नाना घडी घालता घालता म्हणाले. "तोंड उघडं का समजस." आणि माझ्याकडे बघून अगदी साधेपणाने, "तुम्ही बोलतसच नही, म्हनीसन तुमले लागस."

त्यांनी तो झेंडाही मनापासून बांधला, तो व्यवस्थित उलगडला, आणि समोरून कोणीतरी विचारलं, कोणत्या कंपनीची जाहिरात आहे. हल्ली तो आमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर असतो. बायको म्हणते, रंग चांगला आहे, धूळ दिसत नाही.

मग घरोघरी झेंडा लावायचा उपक्रम आला. आमच्या कॉलनीत मी गच्चीवर सभा घेऊन ध्वजसंहिता समजावून सांगितली. झेंडा फाटका नसावा, मळका नसावा, कुठेही अडकवू नये. टाळ्या झाल्या. मग मी घरी येऊन आमचा झेंडा टीव्हीच्या छत्रीच्या नळीला बांधला आणि विसरून गेलो. पोळा गेला, गणपती गेले, दसऱ्याचं सोनं वाटून झालं. दिवाळीच्या आधी नाना सायकलवरून आले. सायकलला धुतलेली उशीची खोळ लटकवलेली. नाना कॉलन्या-कॉलन्यांतून राहून गेलेले झेंडे उतरवून नेत होते. चांगले असतील ते धुऊन, इस्त्री करून, वर चिठ्ठी लावून ठेवत, म्हणजे पुढच्या वर्षी ज्याचा त्याला. सहीपुरतं लिहिणाऱ्या माणसाने त्या चिठ्ठ्यांसाठी अक्षरं गिरवली होती. 'निया गेट' म्हणजे निळं फाटक, 'पेरूनं झाड', 'कुत्रावाला'.

"अक्का, वर जाऊ का?" त्यांनी माझ्या बायकोला विचारलं. ती त्यांच्याशी भराभर अहिराणी बोलते, आणि मी मध्ये पाहुण्यासारखा उभा असतो.

गच्चीवर झेंड्याची एक कड चिंधी झाली होती. मी चष्म्याकडे हात नेला. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण नाना झेंड्याकडे बघतच नव्हते, गाठीकडे बघत होते.

"ही गाठ कोनी बांधी?"

"मी."

"हं."

मी कात्री आणायला निघालो तर म्हणाले, "झेंडानी दोरी कापत नहीत सर, सोडतस." आणि उन्हात उकिडवं बसून अर्धा तास ती गाठ सोडवत राहिले. तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं, त्यांची बोटं थरथरत होती.

गेल्या वर्षी कॉलनीने ठरवलं, सव्वीस जानेवारीला झेंडा ज्येष्ठ नागरिकाने फडकवायचा आणि तो ज्येष्ठ म्हणजे मी. खोटं कशाला बोलू, हे मला आयुष्यभर हवं होतं. मुख्याध्यापक असतानासुद्धा दर वेळी कोणी ना कोणी पाहुणा टपकायचाच. मी जाकीट शिवून घेतलं. आरशासमोर दोरी ओढायचा सराव केला. बायको म्हणाली, पडदा निघेल.

दोन दिवस आधी नाना आले. सायकल सुटली होती, रिक्षाने आले. ओसरीवर बसले आणि दोन्ही हात पुढे धरले. हात पानासारखे हलत होते.

"हात आते आयकत नहीत, सर. मना हातनी गाठ मारी तं वारानीच सुटी जाई. तुम्ही शिकी ल्या."

"मी? नाना, मला पायजम्याची नाडी धड बांधता येत नाही."

"म्हनीसनच शिका."

बायकोने टॉवेल दिला, पडद्याची दोरी दिली. सकाळी दहाला बसलो ते जेवायची वेळ झाली. घडी जमली. वेढा जमला. गाठ काही जमेना. ओढली की अडके. दहा वेळा, पंधरा वेळा. मी वैतागलो, बायको हसायला लागली. नाना हसले नाहीत. ते माझ्या बोटांकडे बघत होते.

"तुम्हना भरोसा नही, सर," ते म्हणाले. "गाठ बराबर बसस. मंग शेवटला एक हिसका देतसच तुम्ही."

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. चष्म्याकडे हात गेला होता, तो मी खाली घेतला. आज नाही बोललो तर कधीच नाही, एवढं मला कळलं.

"नाना, त्या पंधरा ऑगस्टला... ती गाठ..."

"माले म्हाईत शे."

"कधीपासून?"

"तव्हयपासून. मनी गाठ मी वयखत नही का?" नाना शांतपणे म्हणाले. "आन् तुम्ही तं लिखी बी दिधं व्हतं. चूक माझ्याकडून झाली. तुम्हनाच अक्षरमा."

डोळे भरून आले, ते लपवायलासुद्धा सुचेना. बायको हसायची थांबली. तिलाही मी हे कधी सांगितलं नव्हतं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्हनी नोकरी पक्की व्हयेल नव्हती. मनी व्हती. मेमो माले पचना, तुमले पचना नसता." मग टॉवेल सरळ करत ते म्हणाले, "पन तुम्ही येवढा दिन लावशात, असं वाटनं नव्हतं. चाला, बांधा परत. हिसका नका देऊ."

सव्वीस जानेवारीला सकाळी मी झेंडा बांधला. सुकवलेल्या गुलाबाच्या पाकळ्या नानांनीच आणल्या होत्या. हिसका दिला नाही. हात शिवशिवत होते, पण दिला नाही. मग कॉलनीच्या अध्यक्षांकडे गेलो आणि सांगितलं, मी बांधलाय, आता ओढणार नाही. ओढतील लोटननाना. अध्यक्ष म्हणाले, पत्रिकेत तुमचं नाव छापलंय. मी म्हटलं, माझं नाव बऱ्याच चुकीच्या ठिकाणी छापलं गेलंय.

नाना तयार होईनात. "मी बांधनारा शे, वढनारा नही." शेवटी माझी बायको पुढे झाली, त्यांच्या हातात दोरी दिली आणि अहिराणीत काहीतरी खडसावलं. नाना खांबाजवळ ताठ उभे राहिले. दोरी त्यांच्या हातात, आणि सेक्रेटरींचं प्रास्ताविक सुरू झालं. आमच्या सेक्रेटरींचं प्रास्ताविक म्हणजे साधारण चातुर्मास. नानांचे हात थरथरत होते, त्याबरोबर दोरी थरथरत होती, दोरीबरोबर माझी गाठ. मी तिच्याकडे टक लावून बघत होतो. त्या दिवशी सकाळचा चहा मीही घेतला नव्हता.

सेक्रेटरी 'आजच्या या मंगल प्रसंगी' पर्यंत आले आणि गाठ सुटली. कोणी ओढली नाही, काही नाही. झेंडा फडकन उलगडला आणि सगळ्या पाकळ्या नानांच्या टोपीवर. केशरी वर होता, एवढं मी आधी पाहिलं. मग नानांनी थरथरता हात कपाळाला लावून सलामी दिली आणि स्वतःच राष्ट्रगीत सुरू केलं, तेव्हा बाकीच्यांनी धरलं. सेक्रेटरी हातात कागद घेऊन तसेच सावधान.

राष्ट्रगीत संपल्यावर सेक्रेटरी लालबुंद होऊन ओरडले, "आधीच कसा सुटला? कोणी बांधला होता हा?"

नानांनी तोंड उघडलं. ते काय म्हणणार ते मला ठाऊक होतं.

"मी," मी ओरडलो. जरा जास्तच मोठ्याने, पलीकडच्या कॉलनीपर्यंत गेलं असेल. "मी बांधला. चूक माझी आहे."

नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढा मोठा श्वास सोडला. चहाच्या दोन बशा झाल्यावर मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. आत बसता बसता ते म्हणाले, "जराशी सैल व्हती, सर. पन उघडनी."

त्यानंतर नाना लेकीकडे शिंदखेड्याला गेले आणि चैत्रात तिचा फोन आला. म्हणजे मला त्यांचं शेवटचं दिसलेलं ते एवढंच. रिक्षा नशिराबादच्या रस्त्याला लागली होती आणि इस्त्रीच्या टोपीच्या घडीत एक पाकळी अडकून राहिली होती. मी त्यांना ते सांगितलं नाही.